होस्ट फॅमिलीकडे राहताना : पाहुणी कधीपर्यंत?

तगर | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी पुण्याची. जपानीची एन३ (पाच पातळ्यांतली मधली) परीक्षा झाली आहे आणि एका वर्षासाठी ओकायामाला शिकायला आले आहे. सिंहगड रोडवर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते इथल्या कोराकुएन बागेवरून केलेलं. लहानपणी तिथे माशांना चुरमुरे टाकून रखवालदाराची बोलणी खाल्ली होती. आता मूळ बाग सायकलने दहा मिनिटांवर आहे आणि मी अजून आत गेलेले नाही, कारण सगळा वेळ घरात चुका करण्यात जातोय.

वसतिगृहात जागा नव्हती म्हणून पहिले सहा महिने होस्ट फॅमिली. ओकासान (म्हणजे आई, सगळे तिला असंच म्हणतात) साठीची, ओतोसान (वडील) निवृत्त, मुलगी लग्न होऊन ओसाकाला. माणसं अक्षरशः देवमाणसं. अडचण माझीच आहे.

पहिल्या रात्रीचं सांगते. जपानी घरात टबात अंग धुवायचं नसतं. बाहेर स्टुलावर बसून साबण लावून सगळं धुवायचं, मग टबात नुसतं बसायचं. हे क्लासात शिकवलं होतं. तेच पाणी नंतर घरातले सगळे वापरतात, हेही कुणीतरी बोललं असेल, पण मी त्या दिवशी बहुतेक गैरहजर होते. पाहुणी म्हणून मला पहिला नंबर. अर्धा तास मस्त बसले आणि मग आपलं वापरलेलं पाणी दुसऱ्यासाठी कसं ठेवायचं, म्हणून बूच काढलं. दोनशे लिटरच्या आसपास कढत पाणी गेलं. वर टब घासून ठेवला आणि बाहेर येऊन मोठ्या अभिमानाने सांगितलं, "स्वच्छ केलाय!" ओतोसान खांद्यावर टॉवेल टाकून दारातच उभे होते. ते म्हणाले, "आ." ओकासान म्हणाली, "दाइजोबू, दाइजोबू." म्हणजे काही हरकत नाही. मग परत टब भरायला लावला.

पुढच्या रविवारी सवयीने केसांना खोबरेल लावलं. केस वर बांधूनच टबात बसले होते, तरी पाण्यावर तवंग आला. परत दाइजोबू.

आता खरा प्रश्न. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. अर्जात तसं लिहिलं होतं. ओकासान रोज माझ्यासाठी वेगळं करते, दोघांचं एक आणि माझं एक. रोज सकाळी मिसोचं सूप असतं, त्यात टोफू आणि कांद्याची पात. मला ते फार आवडायला लागलं होतं. काल लवकर उठून स्वयंपाकघरात गेले तर ती उकळत्या पाण्यात लाकडाच्या भुशासारखं काहीतरी मूठभर टाकत होती. कात्सुओबुशी. सुकवलेल्या माशाचा कीस. म्हणजे तेरा दिवस मी माशाचं पाणी पितेय.

तिला सांगू का? कसं सांगू? ती माशाचा तुकडा पडू नये म्हणून माझं सूप वेगळ्या भांड्यात गाळते हो! आणि दुसरं, मला ती एक कपसुद्धा विसळू देत नाही. "बस, बस" एवढंच. मी पैसे देऊन राहते हे खरं, पण सहा महिने पाहुणी म्हणून बसून राहायचं ह्या कल्पनेनेच घुसमट होते. तुमच्यापैकी कुणी असं राहिलंय का, कुठल्याही देशात?

---

वरणफळ | ११ ऑक्टोबर, रात्री ११:०५

"आ." वाचून ऑफिसात मोठ्याने हसले. (अमेरिकेत आहे, इथे दुपार आहे.) लिहीत राहा, वाचतेय.

---

जुना भिडू | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

तगर, मी १९९४ ते ९६ नागोयाला होतो, त्यातले आठ महिने एका कुटुंबात. सांग, आजच सांग. मी सांगितलं नाही आणि आठव्या महिन्यात कळल्यावर त्या बाईला जे वाटलं ते अजून आठवतं.

तिची चूक नाही. जपानीत "बेजितारियन" म्हटलं की मांस नको एवढंच पुष्कळांना समजतं. मासा वेगळा आणि दाशी (सूपाचं मूळ पाणी) तर त्याहून वेगळी. आपण पोह्यात मोहरी आहे हे कुणाला सांगत बसतो का? तशी त्यांची दाशी. ती पदार्थ नाही, ती पाण्याची चव आहे. त्यात तू ओकायामाला, समोर सेतो समुद्र. तिकडे कात्सुओच्या जोडीला इरिको, म्हणजे छोटे सुके मासे, सर्रास घालतात.

वाक्य देतो. "मोत्तो हायाकु इएबा योकात्ता न् देस केदो..." आधी सांगायला हवं होतं, अशी सुरुवात कर. मग "कात्सुओ नो दाशी मो दामे नान् देस." आणि मग एक शब्द टाक : शोजिन र्योरी. बौद्ध देवळातलं बिनमांस-बिनमाशाचं जेवण. साठीच्या बाईला लगेच उलगडेल, कारण तिच्या आजीने ते केलेलं असणार. त्यात दाशी कोंबूची (समुद्री शेवाळाची वाळलेली पट्टी) किंवा वाळलेल्या शिताके मशरूमची असते. कोंबू रात्री गार पाण्यात टाकून ठेवायचा, सकाळी पाणी उकळायच्या आत काढायचा. तिला काम वाढत नाही, उलट कमी होतं.

---

नीरक्षीर | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

एवढा घोळ कशाला? सरळ माशाची अ‍ॅलर्जी आहे म्हणून सांग. धर्म, नीती, आवडनिवड काहीच समजवावं लागत नाही. मी सिंगापूरला हेच केलं.

---

जुना भिडू | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

नीरक्षीर, हॉटेलात चालेल. घरात नको. जपानी गृहिणीला अ‍ॅलर्जी सांगितलीत तर ती प्रत्येक पाकिटाची मागची बाजू भिंगातून वाचेल, कढया वेगळ्या करेल, विद्यापीठाच्या समन्वयकाला फोन करेल, औषध कुठलं ते विचारेल. आणि तिसऱ्या महिन्यात तगर मैत्रिणींबरोबर ताकोयाकीच्या (ऑक्टोपस घातलेल्या गोळ्यांच्या) गाडीवर सॉस चाटताना दिसली की संपलं. शिवाय तेरा दिवस सूप पिऊन हिला काही झालेलं नाही, हे तीही मोजेलच की.

---

कोकणी मासा | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

तेरा दिवस प्यायलीस, आवडलंही. देवाने कौल दिला आहे. आता बांगड्यापासून सुरुवात कर. (गंमत आहे, दिवे घ्या.)

---

राईनकाठ | १२ ऑक्टोबर, दुपारी १:००

मी अकरावीत असताना शाळेच्या देवाणघेवाणीतून वर्षभर जर्मनीत फ्रायबुर्गजवळ होतो. तिथे उलटा प्रकार. कुणी "हरकत नाही" म्हणतच नाही. तिसऱ्या दिवशी होस्ट आईने फ्रिजवर यादी लावली : बूट कुठे, वॉशिंग मशीन कुठल्या वारी, रात्री दहानंतर आवाज नको, बाटल्या फेकायच्या नाहीत, दुकानात परत द्यायच्या (एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात). मला भयंकर अपमान वाटला. आपल्याकडे पाहुण्यासमोर अशी पाटी लावली तर सात पिढ्या बोलणं बंद. महिन्याभराने लक्षात आलं की त्या यादीमुळे मला कुणाचे चेहरे वाचत बसावे लागत नव्हते. तुझ्या "दाइजोबू"पेक्षा मी ती यादी घेईन.

माझी चूक ऐक. जानेवारी, बाहेर बर्फ. मी हीटर फुल्ल करून, खिडकी गच्च बंद करून, खोलीतच दोरी बांधून कपडे वाळवत होतो. पाच आठवड्यांत कपाटामागे भिंतीला काळी बुरशी. होस्ट बाबा आले, काही न बोलता हीटर बंद केला, खिडकी सताड उघडली, घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं. दिवसातून तीनदा. ह्याला तिथे श्टोसलुफ्टन म्हणतात आणि ते लोक ह्या विषयावर आपल्या सोवळ्याइतके गंभीर असतात. नंतर आम्ही दोघांनी मिळून ती भिंत घासली. गंमत म्हणजे ते माझ्याशी मोकळे झाले ते त्या भिंतीपासून.

संध्याकाळी जेवायला थंड पाव, चीज, काकडी. गरम जेवण दुपारी. पहिले दोन महिने मी रात्री उशीत तोंड खुपसून वरणभात आठवायचो. खोटं नाही सांगत.

---

रोखठोक | १२ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

मला ह्या सगळ्याची मौज वाटते. पैसे भरलेत ना? मग तो करार आहे. शाकाहारी लिहून दिलं होतं, त्यांनी पाळलं नाही, समन्वयकाला ईमेल करा, विषय संपला. टबाचं पाणी, त्यांनी आधी सांगायला हवं होतं. एवढी अपराधी भावना घेऊन शिकणार कधी? नाही जमत तर खोली भाड्याने घ्या.

---

कोल्हापुरी काकू | १२ ऑक्टोबर, रात्री ९:२५

मी पलीकडच्या बाजूनं लिहिते. आमच्याकडं कोल्हापुरात रोटरीच्या युथ एक्स्चेंजमधून एक जर्मन पोरगी आली होती, सतरा वर्षांची. वर्षात तीन घरं असतात त्यांना, त्यातलं पहिलं आमचं. आमच्यात कुणाला होस्ट बनायचं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पाहुणी आली म्हणजे तिला एकटं सोडायचं नाही, एवढंच आम्हाला कळतं.

तर ती शाळेतनं आली की खोलीचं दार लावायची. आम्हाला वाटायचं रुसली. मग मी चहा घेऊन जायची. सासूबाई चिवडा घेऊन जायच्या. त्यांच्यामागनं शेजारची सून तिचं बाळ दाखवायला. दार वाजलं की ती उठून बसायची, हसायची. तिला वाटत होतं दार लावणं ह्या घरात गुन्हा आहे, म्हणून सारखं तपासायला येतात. महिन्याभरानं तिनं कागदावर चष्मा आणि पुस्तक काढून दाराला चिकटवलं. म्हणजे वाचतेय. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

जेवणाचं तर विचारू नका. तिच्या घरची शिस्त अशी की ताटात वाढलेलं संपवायचं. आमच्या घरची शिस्त अशी की ताट रिकामं दिसलं की वाढायचं. ती संपवतेय, मी वाढतेय, ती संपवतेय. पोरगी घामाघूम व्हायची, मला वाटायचं तांबडा रस्सा तिखट लागतोय, म्हणून मी आणखी भात वाढायची. तीन आठवडे हे चाललं. शेवटी आमच्या ह्यांनी सांगितलं, "अगं ती रडायला आलीय, थांब."

रोखठोक, तुमचं बरोबर आहे, पण करारात दाराचं आणि ताटाचं कलम कसं घालायचं? कुणाला आधी ठाऊक असतं की हे सांगायला लागतंय?

तगर बाळा, "मी काही मदत करू का" असं विचारू नकोस. ह्या प्रश्नाचं उत्तर जगातल्या कुठल्याही आईकडं "नको" हेच आहे. आमची पोरगी एका संध्याकाळी काही न विचारता माझ्या बाजूला बसली आणि लसूण सोलायला लागली. नखानं. कसाबसा. त्या दिवसापासनं मी तिला नावानं हाक मारायला लागले, त्याआधी सगळ्यांत "ती मुलगी" म्हणायचे.

---

जुना भिडू | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१०

काकू, प्रतिसाद जपून ठेवतोय. फक्त जपानपुरती एक दुरुस्ती : तिथे न विचारता हात घातलात तर बाईला वाटेल माझ्या कामात कमी दिसली. विचारावं, पण नेमकं. "मदत करू का" नको, "उद्याचा कचरा मी खाली नेऊ का" असं. ठरलेल्या वारी, सकाळी आठच्या आत, ठरलेल्या कोपऱ्यात. जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, विसळून. कचऱ्याला कुठल्याही घरात नाही म्हणत नाहीत.

---

तगर | १५ ऑक्टोबर, रात्री ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, ताटाचं वाचून मी आईला फोन करून वाचून दाखवलं.

सांगितलं. काल. जुना भिडू यांचं वाक्य पाठ करून गेले होते, अर्ध्यात अडकले. ओकासान आधी गप्प झाली. मग म्हणाली, "माइनिची?" रोज? मी मान हलवली. ती उठली, वरचं कपाट उघडलं आणि सगळी पाकिटं टेबलावर आणून मांडली. चष्मा लावला. आम्ही दोघी रात्री साडेअकरापर्यंत मागची बारीक अक्षरं वाचत होतो. कांजी (चिनी लिपीतली अक्षरं) मला अडायची, ती बोटाने दाखवायची. नूडल्सच्या सॉसात मासा. भातावर भुरभुरायच्या मसाल्यात मासा. करीच्या वड्यांमध्ये गाईची चरबी (मी दोनदा खाल्ली आहे, आजीला सांगू नका). चिकुवा नावाची पांढरी पोकळ कांडी, जी मी टोफूचा प्रकार समजून आवडीने खात होते, ती आख्खी माशाचीच. शेवटी मिसोचा डबा. त्यावर "दाशी-इरि" लिहिलेलं. मिसोतच दाशी! ते वाचल्यावर ती कपाळाला हात लावून हसायला लागली आणि मग मीही.

उरलं काय, तर सोया सॉस, व्हिनेगर, तीळ, साखर, मीठ. तिने हिरवी चिकटपट्टी आणली आणि ह्या बाटल्यांवर छोटे तुकडे लावले. आता कपाटात माझ्या हिरव्या खुणा आहेत. दुसऱ्या दिवशी ती बिनदाशीचा मिसो घेऊन आली. सूप कोंबूचं. खरं सांगू का, आधीचं जास्त चविष्ट होतं. हे फक्त इथे लिहितेय. कोकणी मासा, गप्प बसा.

आणि कचरा मिळाला! मंगळवार-शुक्रवार माझे. (आमच्या भागात जळणाऱ्याचे वार हेच.) कोपऱ्यावर शेजारच्या आजी भेटतात, त्यांचं ओकायामा-बेन (इथली बोली) मला वीस टक्के कळतं. पुण्यात पुस्तकी मराठी शिकून मालवणात उतरल्यासारखं झालंय. "खूप"ला क्लासात तोतेमो शिकले, इथे सगळे "देएरे" म्हणतात. ओतोसाननी बिअरबरोबर बाकरवडी खाल्ली आणि म्हणाले, "देएरे उमाइ." घरून आणलेला अर्धा किलोचा पुडा तीन दिवसांत संपला.

---

शब्दवेडा | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:००

अवांतर, पण राहवत नाही. घराबाहेर पडताना ते "इत्तेकिमास" म्हणतात ना? इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येते. आपलं "जाऊन येते" जसंच्या तसं. आपल्याकडेही नुसतं "जाते" म्हटलं की आजी ओरडते. घरातला माणूस उत्तर देतो "इत्तेराश्शाय", म्हणजे जाऊन ये. तगर, तू घरून निघताना काय म्हणतेस?

---

तगर | १६ ऑक्टोबर, रात्री ९:००

शब्दवेडा, "शित्सुरेइ शिमास" म्हणत होते. म्हणजे साधारण "रजा घेते". क्लासात सरांच्या खोलीतून निघताना म्हणायला शिकवलेलं. दोन आठवडे रोज सकाळी मी त्या घराची अदबीने रजा घेत होते. उद्यापासून बदलते.

---

रोखठोक | १६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

चला, ईमेल न करता सुटलं. बरं झालं. पण माझा मुद्दा सोडत नाही, सगळ्यांनाच अशी ओकासान मिळत नाही.

---

राईनकाठ | १६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

हे मात्र खरं, आणि ते धाग्यात यायला हवं. माझं फ्रायबुर्गचं घर दुसरं होतं. पहिल्या घरात मी सात आठवडे होतो. तिथे त्यांना आपल्या लहान मुलांना सांभाळणारा फुकटचा दादा हवा होता. रोज दुपारी चार ते सात मी आणि तीन वर्षांचे जुळे. भाषा येत नाही, गृहपाठ होत नाही. मी घरी फोनवर "मजेत आहे" सांगायचो, कारण तक्रार केली तर परत पाठवतील अशी भीती. कुणी परत पाठवत नाही. घर बदलणं ही नेहमीची गोष्ट आहे, त्यासाठीच समन्वयक असतो. मी सात आठवडे थांबलो, ते चार दिवसांत बोलायला हवं होतं.

ओळखायचं कसं? मी एकच बघतो. तुमच्या चुकीवर ते चिडतात का, हे नाही. चूक झाल्यावर तुमच्याशी बोलतात का, हे.

---

तगर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

थोडं मोठं लिहिते, कारण आज पहिल्यांदा मी स्वयंपाक केला.

त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे. मागच्या आठवड्यात ग्रंथालयातून मैत्रिणींबरोबर परस्पर जेवायला गेले, कळवलं नाही. नऊला घरी आले तर टेबलावर माझं ताट प्लास्टिकखाली झाकलेलं आणि ओकासान समोर विणत बसलेली. तिचंही जेवण झालं नव्हतं. ती काहीच बोलली नाही. आई असती तर आख्ख्या सोसायटीला ऐकू गेलं असतं आणि दहा मिनिटांत संपलंही असतं. इथे ते आवाज न करता दोन दिवस घरात होतं. आता चारच्या आत मेसेज करते, "आज जेवण नको" किंवा "सातला येते".

तर स्वयंपाक. घरून आणलेली अर्धा किलो तूरडाळ, बेसन, गोडा मसाला, हिंग आणि दहा उडदाचे पापड एवढं भांडवल. इथे शेगडी विजेची, सपाट काचेची. आईने हट्टाने दिलेली छोटी कढई गोल बुडाची, ती त्यावर नुसती डुगडुगते, तापतच नाही. फोडणी शेवटी ओकासानच्या चौकोनी ऑम्लेटच्या तव्यात केली. मोहरी तडतडल्यावर ओतोसान बाहेरून धावत आले. हिंगाचा वास आल्यावर परत गेले.

वरणभात, पिठलं, काकडीची कोशिंबीर. इथला तांदूळ चिकट, त्यामुळे भात आपोआप मऊ. मूद छान पडली. पापड भाजायला आच नाही. ओकासान म्हणाली, शेगडीखाली ग्रिल आहे ना. त्यात दीड मिनिटात पापड फुलला, सुंदर. तोंडात घातला तर सानमा माशाचा वास. ते ग्रिल तीस वर्षं फक्त मासे भाजायला वापरलंय. ओतोसाननी सगळे पापड खाल्ले. त्यांना ते पापड नेहमीच तसे लागतात असं वाटतंय, मी सांगितलं नाही.

हळदीने तिचा पांढरा भाताचा चमचा पिवळा झाला. मी घाबरून घासत बसले. ती म्हणाली, राहू दे.

जेवायच्या आधी तिने वाढलेल्या भातातला थोडा, अगदी छोट्या वाटीत, बुत्सुदानासमोर (घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर) ठेवला. तो रोज ठेवते. घंटा वाजवते, हात जोडते. आज त्यावर तिने अर्धा चमचा वरण घातलं. तिच्या सासूबाईंचा फोटो आहे तिथे. मला एकदम घरचा नैवेद्य आठवला. अजून काही लिहीत नाही, डोळे भरून येतात.

---

कोल्हापुरी काकू | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१०

वरणावर तूप घातलं नाहीस?

---

तगर | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१२

काकू, लोणी होतं. कढवलं. ओतोसान परत धावत आले.

---

वरणफळ | १० ऑक्टोबर, पहाटे ४:००

ओतोसानांचा वेगळा धागा काढा.

---

वरणफळ | १० नोव्हेंबर, पहाटे ४:०२

वर महिना चुकला, माझ्या फोनचं कॅलेंडर गंडलंय.

---

नीरक्षीर | १० नोव्हेंबर, सकाळी ९:००

अ‍ॅलर्जीचा सल्ला मागे घेतो.

---

तगर | २२ डिसेंबर, रात्री ११:४५

धागा वर काढतेय. आज तोजी, वर्षातला सगळ्यात लहान दिवस. ह्या दिवशी टबात युझू टाकतात. लिंबाच्या जातीचं पिवळं, जाड सालीचं फळ. आख्खी फळं तरंगत असतात आणि सगळं घर त्या वासाने भरतं. मला नरकचतुर्दशीचं उटणं आठवलं, ती पहाटेची कुडकुड आणि आईचे खरखरीत हात.

पण सांगायचं ते वेगळंच. आल्यापासून अंघोळीचा पहिला नंबर माझा होता. मी कितीदा म्हटलं, आधी ओतोसान, तरी नाही. आज पाणी तयार झाल्यावर मी टॉवेल घेऊन निघाले, तर ओकासान स्वयंपाकघरातूनच ओरडली, हो, ओरडली, "तू थांब! तुझे केस लांब आहेत, तू शेवटी जा. आणि येताना टब घासून ये."

तर आज मी शेवटची. ओतोसान, मग ओकासान, मग मी. पाणी जरा कोमट झालं होतं. एक युझू फुटला होता, बिया सगळ्या जाळीत अडकल्या, त्या एकेक करून काढल्या, वर माझे केस. गुडघे दुखले. मी आत एकटीच हसत होते.

---

जुना भिडू | २३ डिसेंबर, सकाळी ६:५०

अभिनंदन. बूच काढलंस ना आज?

---

तगर | २३ डिसेंबर, सकाळी ७:३०

विचारून काढलं. एरवी शिल्लक पाणी पाइपाने कपडे धुवायला घेते ती, पण युझूचं नको म्हणाली. निघते, आज मंगळवार आहे, कचरा माझ्याकडे.